दोन गोळ्या आणि साठ सोंगं

गेले तीन वीकेंड इथं काहीच लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होती असं सांगता येईल, आणि ती होतीही. पण खरं कारण वेगळं. एक गोष्ट डोक्यात घोळत होती आणि ती नेमकी कुठून सुरू करावी ते सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं, जशी घडली तशी लिहून टाकू. थोडं घरचं आहे, थोडं सायन्स आहे. सायन्सचा कंटाळा आला तर मधले पॅरे उड्या मारत खाली जा, मी रागावणार नाही :)

तर झालं असं की मी पुण्याहून नांदेडला घरी गेलो होतो आणि आईनं रविवारी सकाळी लातूरला पिटाळलं. आजी लातूरला काकांकडं असते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचेपर्यंत पाठीचं भरीत झालं होतं. घरात पाय ठेवला तर वातावरण वेगळंच. चुलतबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, पाच वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप. नुकताच रिपोर्ट आलेला. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणून पॅरासिटामॉल देऊन परत पाठवलेलं. सगळे जरा निवांत झालेले, एक आजी सोडून.

"काच बघितली का?" आजीनं विचारलं.

काच म्हणजे काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब. ताईनं सांगितलं, आजी, आता पट्टीची टेस्ट असते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. आजीचं समाधान होईना. "दोनदा बघा म्हणावं. ताप गेला म्हणून सोडू नका. गोळ्या पुऱ्या द्या. तुझ्या आजोबानं..." आणि मग ती थांबली. पुढचं वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ आहे. लहानपणापासून ऐकत आलोय.

मला एक आत्या होती. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या तेरा वर्षं आधी ती गेली. साल १९८४. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मुखेडकडून बदली होऊन किनवट तालुक्यातल्या एका गावात आलेले. नांदेड जिल्हा म्हटलं की काळी माती, कापूस आणि मरणाचं ऊन एवढंच डोळ्यांसमोर येतं, पण पैनगंगेच्या काठचा किनवट-माहूरचा पट्टा म्हणजे सागाचं जंगल, डोंगर आणि ओढे. आणि त्या काळी हिवताप. मलेरियावाला गावात यायचा, दारावर फवारणीची तारीख लिहून जायचा, तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा, हातावर क्लोरोक्वीन ठेवायचा आणि पुढच्या गावाला जायचा. काच तपासून निरोप यायला दिवस लागायचे.

श्रावण संपता संपता आत्याला ताप आला. नऊ वर्षांची होती. हुडहुडी, मग ताप, मग घाम, मग दुसऱ्या दिवशी पोर खेळतेय. दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांना एवढंच आठवतं की ती गोळी थुंकायची आणि आजोबा गुळाच्या खड्यात लपवून परत द्यायचे. ताप गेला. ती शाळेत जाऊ लागली. बारा-तेरा दिवसांनी पुन्हा ताप आला तो वेगळाच. एका संध्याकाळी ती कोणाला ओळखेना, रात्री झटके आले. सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला आणलं. तिसऱ्या दिवशी गेली. 'मेंदूचा ताप' म्हणाले. पहिल्या तापातल्या काचेचा रिपोर्ट ती गेल्यानंतर गावात पोचला. पॉझिटिव्ह.

तेव्हापासून आमच्या घरात दोन वाक्यं आहेत. आजीचं वाक्य: "गोळ्या पुऱ्या दिल्या असत्या तर ताप परत आला नसता." आजोबांचं वाक्य: "दिल्या होत्या. तीन दिवस दिल्या होत्या." भांडण असं कधी झालं नाही. सणावारी, कोणी आजारी पडलं की, कधी नुसतं दिवेलागणीला, ही दोन वाक्यं निघायची आणि मग दोघं गप्प. आजोबा २०११ मध्ये गेले. आता एकच वाक्य उरलंय.

त्या रात्री मला झोप लागेना. काकांच्या गच्चीवर पाण्याचे ड्रम मांडलेत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर हे, इथं पाणी साठवायची सवय कोणाची जाणार? ताईनं प्रत्येक ड्रमला धोतराचं फडकं घट्ट बांधलंय, कारण शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफन्साय जातीचा डास नेमकं असलंच स्वच्छ साठवलेलं पाणी शोधत येतो. गच्चीवर बसून मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. प्रश्न साधा होता. गोळ्या पुऱ्या देऊनही ताप परत येऊ शकतो का?

एक उत्तर पाच मिनिटांत सापडलं. क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम भारतात पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात, कार्बी आंगलाँगमध्ये नोंदला गेला. नंतर तो देशभर पसरत गेला. १९८४ मध्ये किनवटच्या जंगलात तो होता की नाही हे त्या काचेवरून कोणी तपासलेलं नाही. पण शक्यता शून्य नक्कीच नव्हती.

इथंच थांबलो असतो तर झोप लागली असती. पण थोडे जरी परजीवी औषधातून वाचले, तरी शरीर त्यांना का संपवत नाही? पहिल्या तापात शरीरानं त्यांना ओळखलं होतं ना? आणि दुसरा ताप पहिल्यापेक्षा इतका वेगळा का? या प्रश्नांची उत्तरं शोधताना मी जिथं जाऊन पोचलो ती गोष्ट मला तोवर बिलकुल माहीत नव्हती. आणि ताई ती रोज शिकवत होती!

ताई लातूरमध्ये नीटच्या क्लासला बायोलॉजी शिकवते. लातूर पॅटर्नच्या गावात तिचा धंदा जोरात आहे. सकाळी चहा पिताना तिला विचारलं, क्रोमॅटिन म्हणजे काय गं? ती हसायलाच लागली. "एक मार्काचा प्रश्न आहे. हिस्टोनच्या मण्यांवर गुंडाळलेला डीएनएचा दोरा. सैल असेल ते युक्रोमॅटिन, चालू. घट्ट असेल ते हेटरोक्रोमॅटिन, बंद. पुढचा प्रश्न." मलेरियाचं विचारलं तर "हिमोझॉइनमुळं थंडी वाजते, तोही एकच मार्क." हे दोन मार्क एकमेकांना भेटतात हे तिच्या सिलॅबसमध्ये नाही. तिचं चुकलं म्हणत नाही, पेपरच तसा असतो.

आता जरा नीट सांगतो. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो, मग रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशीत शिरतो. (डासात हा परजीवी पहिल्यांदा रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ ला पाहिला, तो सिकंदराबादेत. तेव्हा नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्याच राज्यात. म्हणजे शोध तसा आपल्या घरातच लागला म्हणायचा.) पेशीच्या आत तो हिमोग्लोबिन खात वाढतो, ४८ तासांत एकाचे वीसेक होतात, पेशी फुटते, बाहेर पडलेले नव्या पेशींत शिरतात. पेशी फुटतात तेव्हा ताप.

आत बसलेल्याला एक अडचण असते. खराब झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढायला आपल्याकडं पाणथरी आहे, तिच्यातून गेला की तो संपला. म्हणून तो पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक चिकट प्रोटीन पाठवतो, पीएफ-ईएमपी-१. त्याच्या जोरावर पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, पाणथरीकडं जातच नाही. पण बाहेर काही लावलं की ते शरीराला दिसणारच. आठवडा-दोन आठवड्यांत शरीर त्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि ते प्रोटीन मिरवणाऱ्या पेशी टिपायला लागतं.

आणि इथं खरी गंमत आहे. (गंमत हा शब्द लिहून खोडला, परत लिहिला. दुसरा सापडला नाही.) परजीवीकडं या प्रोटीनचा एकच नमुना नसतो. त्याच्या जीनोममध्ये असे सुमारे ६० जीन्स असतात, 'व्हार' म्हणतात त्यांना, १९९५ मध्ये सापडले. प्रत्येकाचं प्रोटीन वेगळं. आणि एक परजीवी एका वेळी यातलं एकच वापरतो. बाकीचे ५९ पेटीत.

तुम्ही बहुरूपी पाहिलाय का? आमच्या पिढीनं फार कमी पाहिलाय. बाबा सांगतात, मुखेडला यायचा. आज पोलीस बनून दारात उभा, वॉरंट आहे म्हणून दम देणार. उद्या साधू. परवा बाई. सगळ्या गावानं ओळखलं की दुसरं सोंग. माणूस तोच, पेटी तीच. पण त्याचा एक नियम पक्का: एका दिवशी एकच सोंग. साठही सोंगं एकदम चढवली तर गाव एका दिवसात सगळी ओळखेल आणि दुसऱ्या दिवशी काढायला पेटीत काही उरणार नाही.

परजीवीचंही तसंच. अब्जावधी परजीवींमध्ये बहुतेकांनी पहिलं सोंग घेतलेलं असतं. शरीर ते शिकतं, मारतं, ताप उतरतो. पण त्यातल्या थोड्यांनी मधल्या काळात सोंग बदललेलं असतं. ते उरतात. दोन दोन दिवसांनी वीसपट होत ते वाढतात आणि ताप परत येतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं माझा पहिला अंदाज होता की यांच्या कोडमध्ये बदल होत असणार, म्यूटेशन वगैरे. तर नाही. फाल्सिपेरमचा जीनोम २००२ मध्ये पूर्ण वाचला गेला: १४ क्रोमोसोम, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, ५३०० च्या आसपास जीन्स. पहिलं सोंग घेणाऱ्या आणि दुसरं सोंग घेणाऱ्या परजीवीत ही अक्षरं तीच असतात. कोड तोच, बिल्ड तोच, फक्त कॉन्फिग वेगळा. साठ फ्लॅगपैकी एक ऑन. आमच्याकडं असं कोणी लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूत सोलून काढला असता, "५९ मॉड्यूल बंदच ठेवायचे तर लिहिलेत कशाला?"

मग ५९ बंद कोण ठेवतं? इथं ताईचा एक मार्काचा प्रश्न येतो. डीएनएचा दोरा आठ हिस्टोनच्या मण्याला पावणेदोन फेऱ्यांच्या आतबाहेर गुंडाळलेला असतो, दर मण्याला १४७ अक्षरं. या हिस्टोनना शेपट्या असतात आणि शेपट्यांवर रासायनिक खुणा लागतात. एच-३ नावाच्या हिस्टोनच्या नवव्या जागी तीन मिथाइलची खूण लागली की एचपी-१ नावाचं प्रोटीन ती वाचतं आणि तिथं जाऊन बसतं. शेजारच्या मण्यावर दुसरं बसतं. मणी एकमेकांजवळ ओढले जातात आणि तेवढा भाग गुंडाळून बंद. वाचायला आलेल्या यंत्रणेला आत शिरायला जागाच राहत नाही.

एचपी-१ आपल्या पेशीतही आहे, तो काही परजीवीचा शोध नव्हे. पण आपण तो सढळ हातानं वापरतो. परजीवी फार हिशेबी. त्याचा बहुतेक जीनोम सैल, उघडा. एचपी-१ बसतो तो मुख्यतः क्रोमोसोमच्या टोकांपाशी, जिथं हे सोंगांचे जीन्स ठेवलेत, आणि मधल्या मोजक्या ठिकाणी. ही टोकंही मोकळी लोंबत नसतात, त्यांचे झुपके करून पेशीकेंद्राच्या कडेला लावलेले असतात. घरातली अडगळ भिंतीला लावून ठेवावी तशी. आणि पेशी दुभंगली तरी खुणा पुढच्या पिढीतल्या मण्यांवर पुन्हा लावल्या जातात, म्हणून ज्या बापानं तिसरं सोंग घेतलं त्याची पोरंही बहुतेक तिसरंच सोंग घेऊन जन्मतात. कुठंही लिहून न ठेवता लक्षात राहतं. नेमकं कोणतं एक उघडं राहावं आणि बदल कधी व्हावा, हे मात्र अजून जगात कोणालाच पुरतं उलगडलेलं नाही.

एचपी-१ एकटा नाही. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की सर-२ नावाचं दुसरं प्रोटीन काढून टाकलं की काही सोंगांवरचा पहारा सुटतो. २०१३ मध्ये एक खूण लावणारं एन्झाइम बाद केलं तर जवळजवळ सगळे व्हार जीन्स एकदम बोलायला लागले. पण मला हलवून गेला तो २०१४ चा प्रयोग. स्वित्झर्लंडमधल्या गटानं परजीवीतला एचपी-१ हवा तेव्हा नाहीसा करता येईल अशी सोय केली आणि काय होतं ते पाहिलं. दोन गोष्टी झाल्या. एक तर अपेक्षित: बंद सोंगं उघडली. दुसरी अशी की निम्म्याहून जास्त परजीवींनी रक्तात वाढणं सोडून दिलं आणि ते नर-मादी रूपात बदलायला लागले, म्हणजे डासाच्या पोटात जायला तयार होणारं रूप. उरलेले वाढता वाढता थबकले, आणि एचपी-१ परत मिळाल्यावर त्यांतले पुन्हा चालू लागले.

म्हणजे एकच प्रोटीन दोन दारं धरून बसलंय. एका दारामागं सोंगं. दुसऱ्या दारामागं एपी-२-जी नावाचा एकच जीन, जो उघडला की परजीवीचा या माणसातला मुक्काम संपला, आता पुढच्या माणसाकडं. २०१८ मध्ये या दुसऱ्या दाराची किल्लीही सापडली, जीडीव्ही-१ नावाचं प्रोटीन. ते येऊन एचपी-१ ला तिथून उठवतं. मला राहून राहून वाटत होतं, १९८४ च्या त्या दोन आठवड्यांत आत्या बरी होऊन शाळेत जात होती तेव्हा तिच्या रक्तात दोन्ही दारांपाशी हालचाल चालू असणार. काही परजीवी सोंग बदलत होते. काही निघायची तयारी करत होते. एखादा डास तिला चावून शेजारच्या घरातही गेला असेल. कोणास ठाऊक.

दुसरा ताप वेगळा का, याचंही एक उत्तर याच पेटीत आहे. साठही सोंगं सारखी धोक्याची नाहीत. २०१३ मध्ये दिसलं की पीएफ-ईएमपी-१ चे काही ठरावीक नमुने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या ईपीसीआर नावाच्या प्रोटीनला धरतात, आणि मुलांच्या गंभीर मलेरियाशी नेमक्या याच नमुन्यांचा संबंध आहे. असले परजीवी मेंदूतल्या बारीक नळ्यांत दाटीवाटीनं चिकटतात. तोच मेंदूचा ताप. हिवतापाच्या भागात जन्म काढलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरानं बरीच सोंगं आधी पाहिलेली असतात, म्हणून तो निभावून जातो. आमचं घर मुखेडच्या उघड्या माळावरून नुकतंच तिकडं गेलेलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या शरीरानं एकही सोंग पाहिलेलं नव्हतं असं धरायला हरकत नाही.

हे सगळं लांबच्या देशांतलंच आहे असंही नाही. पुण्यात माझ्या ऑफिसपासून रिक्षानं जाता येईल अशा अंतरावर आयसर आहे. तिथल्या कृष्णपाल करमोडिया, संजीव गलांडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये फाल्सिपेरमच्या अख्ख्या जीनोमवर कुठल्या मण्याला कुठली खूण आहे त्याचा नकाशा छापला. त्यात त्यांना एच-३ च्या ३६व्या जागेवरची दोन मिथाइलची खूण जीन्सना सगळीकडंच दाबून ठेवणारी दिसली. २०२१ मध्ये करमोडियांच्या गटानं जीसीएन-५ या एन्झाइमवर काम केलं. हे उलट, उघडण्याच्या बाजूचं, हिस्टोनवर ॲसिटिलची खूण लावणारं. परजीवीवर ताण आला की जागे होणारे जीन्स आणि आर्टेमिसिनिनला तोंड देण्याशी संबंधित जीन्स, यांच्यावर त्याचा ताबा असल्याचं त्यांनी दाखवलं. आर्टेमिसिनिन म्हणजे फाल्सिपेरमवरचं आपलं आजचं मुख्य औषध. औषधाला दाद न देण्याचं कारण आपण कोडमधल्या बदलात शोधतो, आणि ते बऱ्याचदा तिथं असतंही. पण कॉन्फिगमध्येही बघायला हवं, असा त्याचा अर्थ. दहा वर्षं त्या रस्त्यानं जातोय, कॅम्पसच्या भिंतीआड किनवटच्या तापावर काम चाललंय हे माहीत नव्हतं.

मग या प्रोटीनवरच औषध का काढत नाहीत? काढायचा प्रयत्न चालू आहे. ॲपिसिडिन नावाचं बुरशीतलं द्रव्य हिस्टोनच्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमला रोखून परजीवी मारतं हे १९९६ मध्येच दिसलं होतं. अडचण अशी की हीच यंत्रणा आपल्यातही आहे. चोराचं कुलूप आणि आपलं कुलूप एकाच कारखान्यातलं. त्याचं तेवढं मोडायचं, आपलं नाही, हे अवघड काम.

असो. सायन्स संपलं.

सोमवारी सकाळी निघायचं होतं. पोराचा ताप शंभरावर होता. आजी त्याच्या उशाशी बसलेली. मी जवळ जाऊन बसलो आणि कसा काय कोण जाणे, सांगायला लागलो. प्रोटीन, हिस्टोन काही नाही, सरळ बहुरूप्यापासून सुरुवात केली. आजीला बहुरूपी पक्का माहीत. सोंग, पेटी, पेटीवर बसलेला राखणदार, शरीर एक सोंग ओळखतं तोवर दुसरं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "लई हुशार म्हणायचा की रे हा किडा." मी म्हटलं, हुशार नाही आजी, त्याला काही कळत नाही, नुसतं तसं होत जातं. ती म्हणाली, "ते तर बहुरूप्याचंबी तसंच असंल, पोटासाठी."

मग तिनं विचारलंच. "म्हणजे गोळ्या पुऱ्या दिल्या होत्या का नव्हत्या?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. फार सोपं होतं. दिल्या होत्या आजी, सायन्सनं सिद्ध केलंय, आजोबा खरं बोलत होते. ऐंशीच्या घरातली बाई, कोण तपासणार? मी म्हटलं, "ते नाही कळत. पण पुऱ्या दिल्या असत्या तरी ताप परत येऊ शकला असता. हे खरंय. त्या काळात त्या गोळ्यांना न मरणारा किडाही देशात आलेला होता."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पोराच्या कपाळावरची पट्टी उलटी केली. मग एकदम हळू आवाजात, मला सांगतेय की स्वतःला ते कळू नये अशी म्हणाली, "मला कोनाड्यात सापडल्या होत्या. कागदाच्या पुडीत. दोन गोळ्या."

"कधी?"

"दिवस झाल्यावर. घर आवरताना."

"आजोबांना विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं माय? गुरुजी आधीच अर्धे झाले होते. चुलीत टाकल्या." पुन्हा थोडा वेळ गेला. "तुझ्या बाबालाबी नाही सांगितलं. कोणालाच नाही."

चाळीस वर्षं. मला वाटत होतं की आजीचं ते वाक्य म्हणजे नुसता दुःखाचा राग आहे, कोणावर तरी निघायला हवा म्हणून आजोबांवर निघालेला. तिच्याकडं पुरावा होता, आणि तो तिनं त्यांच्यासमोर एकदाही काढला नाही. नुसतं वाक्य म्हणायची आणि थांबायची.

एसटीत चाकूर सुटल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मी खिडकीपाशी उगाच ताठ बसलो. मलेरियावाला! तोही हातावर गोळ्या ठेवून जायचा की. दवाखान्यातल्या तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या आणि त्यानं काच घेताना दिलेल्या वेगळ्या. दोन्ही एकदम कोणी देत नाही. मग त्याच्या दोन गोळ्या कागदात गुंडाळून आजोबांनी कोनाड्यात ठेवल्या असतील, लागल्या तर असाव्यात म्हणून. मास्तर माणूस, वस्तू टाकायचा नाही. किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तापातल्या असतील. किंवा गूळ संपला असेल, पोर थुंकत असेल, आणि तिसऱ्या दिवशी खेळायला लागलेली पाहून त्यांना वाटलं असेल, राहू दे आता. तिन्ही होऊ शकतं. यातलं खरं कोणतं ते सांगणारं कोणी उरलेलं नाही आणि गोळ्या चुलीत गेल्या.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ताईला फोन लावला. मलेरियावाल्याचं आजीला सांग म्हटलं, पण सांगताना 'तसं असेलच असं नाही' हेही सांग. ताई म्हणाली, "तूच बोल," आणि फोन आजीकडं दिला. मी सगळं सांगितलं. पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.

"त्याच्या गोळ्या पांढऱ्याच असायच्या का रे?" आजीनं विचारलं.

"दोन्ही सारख्याच असतील आजी. औषध तेच."

"हं," ती म्हणाली. "जेवलास का? स्टँडवरचं काही खाऊ नको." मग फोन ताईकडं देता देता मागं वळून कोणाला तरी म्हणाली, पोराला ताप मोजायची काडी लाव म्हणून.

संध्याकाळी ताईचा मेसेज आला. ९९.